थर्मल कॅमेऱ्यातला निळा डाग आणि भिंतीतली ओल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील होटगी रस्त्यावरील एक तीन मजली व्यापारी इमारत आपण विकत घेण्याच्या विचारात आहात. तळमजल्यावर दुकाने, मधल्या मजल्यावर वातानुकूलित कार्यालये आणि वर टॉवेलचे गोदाम अशी तिची रचना आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाहणीसाठी आलेल्या गृहस्थांनी थर्मल कॅमेऱ्याने गोदामाच्या छतावर चार निळे डाग आणि तळमजल्याच्या मागच्या भिंतीच्या तळाशी एक निळा पट्टा दाखवला. त्यावरून संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करावे आणि मागच्या भिंतीत रासायनिक इंजेक्शन भरून घ्यावे, असा लेखी सल्ला त्यांनी दिला. डोळ्यांना मात्र कोठेही डाग, पोपडे किंवा बुरशी दिसत नाही. या फोटोंवर किती विश्वास ठेवावा, असे आपण विचारले आहे.

त्या फोटोंच्या आधारावर आज एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फोटो टाकूनही देऊ नयेत, कारण कोठे पाहायचे हे त्यांनी दाखवले आहे. काय आहे, हे ठरवायचे काम अजून झालेलेच नाही.

थर्मल कॅमेरा पाणी पाहत नाही आणि भिंतीच्या आतही पाहत नाही. पृष्ठभागावरून निघणारे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीचे अवरक्त किरण तो मोजतो, त्यावरून पृष्ठभागाचे तापमान काढतो आणि त्या तापमानांना रंग देतो. निळा रंग म्हणजे ‘शेजारच्या भागापेक्षा थंड’, याहून अधिक काहीही नाही. ओल हे थंड असण्याचे एक कारण आहे, पण सावली, जाड काँक्रीट, मागचा एसी किंवा जमिनीचा गारवा हीसुद्धा तितकीच खरी कारणे आहेत. म्हणून हे तंत्र वापरणाऱ्याची खरी परीक्षा कॅमेरा धरण्यात नसते. ओल असेल तर ती या घटकेला, या हवेत, या पृष्ठभागावर थंड दिसायला हवी की उबदार, हे आधी ठरवून मग फोटो काढण्यात ती असते.

ओलीची खूण दोन प्रकारे उमटते आणि या दोन खुणा एकमेकींच्या उलट असतात. पहिली खूण माठाची आहे. ओल्या गिलाव्यातून पाणी बाष्प होऊन उडते, एक किलो पाण्यामागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते आणि पृष्ठभाग थंड पडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही खूण फार ठळक असते, कारण हवा ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे बाष्पीभवनाला जवळजवळ १७ अंशांचा वाव मिळतो. श्रावणातल्या झडीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हाच वाव जेमतेम दोन अंश उरतो. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याच कारणाने पावसाळ्यात कॅमेऱ्याला भिंतीतली ओल नीट दिसत नाही. ओल सर्वांत जास्त असते त्या महिन्यांत कॅमेरा सर्वांत कमी उपयोगी ठरावा, हे अनेकांना पटत नाही, पण ते तसेच आहे. प्रत्यक्ष भिंत अर्थात संपूर्ण १७ अंश कधीच उतरत नाही, कारण मागून उष्णता येत असते आणि रंगाचा थर बाष्प अडवतो. कोरड्या हवेत खऱ्या ओलीचा मला येणारा फरक बहुधा दोन ते चार अंशांचा असतो. ऑइल पेंट, विनाइल किंवा टाइल्स असतील तर तोही दिसत नाही, आणि मग भिंतीच्या दुसऱ्या बाजूने पाहावे लागते.

दुसरी खूण गच्चीची आहे. वजनास वजन धरले तर पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता वीट-काँक्रीटच्या चौपटीहून अधिक असते, त्यामुळे पाणी धरून बसलेला कोबा, म्हणजे स्लॅबवरचा उताराचा थर, दिवसा सावकाश तापतो आणि रात्री सावकाश निवतो. सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी निरभ्र आकाशाखाली गच्ची वरून पाहिली, तर कोरडा भाग निवलेला आणि ओला भाग अजून उबदार दिसतो. दिवसा निळा असणारा डाग रात्री तांबडा होतो, आणि मधल्या वेळी, साधारण सूर्यास्ताच्या आगेमागे, दोन्ही भागांचे तापमान सारखे झाल्याने काहीच दिसत नाही. त्या वेळी फोटो काढून ‘गच्ची कोरडी आहे’ असा दाखला देणारे मी पाहिले आहेत. अमेरिकेतील एएसटीएम सी ११५३ हे मानक छताच्या पाहणीसाठी अनेक जण दाखवतात, पण ते छतावरील उष्णतारोधक थरात मुरलेली ओल शोधण्यासाठी लिहिलेले आहे. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर असा थर नसतो, स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्या मानकातला विचार घ्यावा, पण आकडे जसेच्या तसे येथे लावू नयेत.

कोब्याची स्वतःची एक अडचण आहे. पाणी उतरावे म्हणून तो उतारात घातलेला असतो, त्यामुळे पन्हळीजवळ पातळ आणि लांबच्या कडेला जाड असतो. जाड भाग कोरडा असला तरी रात्री उशिरापर्यंत उबदार राहतो. फरक आकारावरून ओळखावा लागतो. जाडीमुळे येणारा बदल उताराच्या दिशेने हळूहळू होतो, तर ओलीच्या डागाची कड वेडीवाकडी असते आणि तो पाइपच्या तोंडापाशी, कठड्याच्या कोपऱ्यातला वाटा (सिमेंटची गोलाई) जेथे तडकला आहे तेथे, किंवा टाकीच्या स्टँडच्या पायाशी सापडतो. गच्चीवर मध्येच कोणी पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून डागडुजी केलेली असेल तर तेही डागासारखे दिसतात, कारण पांढरा भाग दिवसभर कमी तापलेला असतो.

आता आपल्या छताकडे येऊ. आपण पाठवलेल्या गच्चीच्या नकाशावरून चारपैकी दोन डाग प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांच्या अगदी खाली येतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर ऊन कोसळत असताना टाकीखालच्या स्लॅबवर ते पडतच नाही, शिवाय वर हजार-दोन हजार लिटर पाण्याचा गारवा असतो. थेंबही न गळता तेथे छत खालून निळे दिसणारच. तिसरा डाग लांबट असून तो एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जातो. तो तुळईचा आहे, हे मोजमाप न घेताही सांगता येईल, कारण तुळई जाड असल्याने दुपारपर्यंत तिच्यात उष्णता पोहोचलेली नसते. चौथा डाग मात्र मला महत्त्वाचा वाटतो. तो जिन्याच्या खोलीच्या कडेला आहे, कड वाकडी आहे आणि त्याच्यावर कसलीही सावली पडत नाही. म्हणजे सगळ्या गच्चीचे काम काढायला सांगणाऱ्या अहवालात खरा विचार करण्याजोगा डाग एकच आहे.

त्या डागाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर बहुधा पावसाचे पाणी नसते. त्या दिवसांत छतात ताजी ओल असेल तर पहिला संशय टाकीवर, तिच्या ओव्हरफ्लोवर, पाइपच्या जोडावर किंवा एसीच्या पाणी सोडणाऱ्या नळीवर घ्यावा लागतो. वॉटरप्रूफिंगचा क्रमांक त्यानंतर लागतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ही गैरसोय आमच्या कामात मोठी मदत करते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या इमारतीत मला असाच एक डाग दाखवण्यात आला होता, जो कधी असायचा आणि कधी नसायचा. दोन ठेकेदारांनी गच्चीवर दोनदा रसायन फासून झाले होते. मी पहारेकऱ्याला विचारले तेव्हा कळले, की पाणी आले की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत ‘गार’ लागते. मग पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, आलेल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी एकाच जागेवर उभे राहून तीन फोटो काढले. पहिल्यात काही नव्हते, दुसऱ्यात डक्टमध्ये, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीत, एक बारीक थंड रेघ होती आणि तिसऱ्यात ती रेघ हातभर पसरली होती. टाकी काठोकाठ भरली की तुटलेला ओव्हरफ्लो पाइप डक्टमध्ये पाणी सोडत होता. आपल्या विक्रेत्याकडून पाणी येण्याचे दिवस विचारून घ्या आणि चौथ्या डागाचे फोटो त्या वेळापत्रकाला धरून काढायला लावा. डाग पाण्याच्या पाळीबरोबर मोठा-लहान होत असेल तर गच्चीला हात लावण्याचे कारण नाही.

मागच्या भिंतीच्या पट्ट्याचे उत्तर वेगळे आहे. उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या भिंतीचा खालचा हातभर भाग जमिनीच्या गारव्याने तसाही थंड असतो. असा पट्टा सरळ आणि सर्वत्र सारख्या उंचीचा दिसतो. जमिनीतून चढणारी ओल मात्र लाटेसारखी वर-खाली असते, आणि तिच्या वरच्या कडेला बहुधा लोणा (पांढरे क्षार) फुटलेला किंवा निदान रंग फुगलेला आढळतो. होटगी रस्त्याच्या बाजूला काळी माती आहे; ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात गाडलेले ड्रेनेजचे पाइप सांध्यात निखळतात, हे खरे आहे. म्हणून पट्टा नुसता सोडून देऊ नये. पण कोठेही पोपडा नसलेल्या भिंतीत इंजेक्शन भरण्यापूर्वी ओल आहे एवढे तरी सिद्ध झाले पाहिजे.

ते सिद्ध करण्याचे साधन म्हणजे मॉइश्चर मीटर. ज्या पाहणीत कॅमेरा आहे पण मीटर नाही, ती माझ्या लेखी अपुरी आहे. दोन पिनांचा मीटर गिलाव्याचा विद्युतरोध मोजतो, बिनपिनांचा मीटर काही सेंटिमीटर आतपर्यंतची विद्युतधारकता (वीजभार साठवण्याची क्षमता) मोजतो. बाजारातले बरेचसे मीटर लाकडासाठी आखलेले असल्याने गिलाव्यावर दिसणारी टक्केवारी खरी टक्केवारी नसते, ती केवळ तुलनेसाठी वापरायची असते. म्हणून आधी त्याच इमारतीतल्या, त्याच गिलाव्याच्या, निश्चित कोरड्या भिंतीवर आठ-दहा ठिकाणी आकडे घ्यावेत आणि मग संशयित जागी घ्यावेत. मागच्या भिंतीवर जमिनीपासून १५, ५० आणि १०० सेंटिमीटर उंचीवर आकडे घेतल्यास चित्र लगेच स्पष्ट होईल. लोणा फुटलेल्या भिंतीतले क्षार वीजवाहक असल्यामुळे जवळजवळ कोरड्या भिंतीवरही मीटर ‘ओले’ म्हणतो. तसा संशय आला तर भिंतीत ड्रिलने भोक पाडून निघालेली पूड वजन करून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि पुन्हा वजन करावे. याला एक दिवस जातो, पण भिंतभर इंजेक्शनांपेक्षा ते पुष्कळच स्वस्त पडते. पिना टोचण्यापूर्वी त्या जागी वीज-वायर गेलेली नाही याची खात्री करायला विसरू नये.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण आपल्या गोदामाशी तिचा संबंध आहे. सुरुवातीच्या दिवसांत अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका गोदामाची भिंत मी डिसेंबरच्या सकाळी तपासली. छातीइतक्या उंचीपर्यंत सरळसोट थंड चौकोन दिसला आणि मी ओल असल्याचे सांगून मोकळा झालो. मालकांनी गिलावा फोडला, आत खडखडीत कोरडे होते. त्या जागी रचलेले टॉवेलचे गठ्ठे माझ्या येण्याच्या तासभर आधी हलवले होते. गठ्ठ्यांनी भिंतीला पांघरूण घातल्यामुळे खोलीची ऊब तिथवर पोहोचली नव्हती, आणि मी पाहिला तो गठ्ठ्यांचा मागे राहिलेला ठसा होता. गिलाव्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून गोदामातले सामान भिंतीपासून निदान एक दिवस आधी हलवून ठेवायला मी सांगतो आणि मीटर लावल्याशिवाय ‘ओल’ हा शब्द अहवालात लिहीत नाही.

फोटोंबद्दल आणखी काही. आपल्याला मिळालेल्या छायाचित्रांच्या कडेला तापमानाची पट्टी आहे, तिच्यावर ३८.२ आणि ३९.६ असे आकडे दिसतात. म्हणजे गडद निळा आणि भडक पिवळा यांच्यात सगळा मिळून १.४ अंशांचा फरक आहे. कॅमेरा स्वयंचलित ठेवला की समोरच्या दृश्यातला सर्वांत थंड बिंदू निळा आणि सर्वांत उष्ण बिंदू पिवळा करून टाकतो, मग फरक अर्ध्या अंशाचा असो वा वीस अंशांचा. अशा रीतीने कोणतीही भिंत रोगट दाखवता येते. पट्टी हाताने पक्की करून सर्व खोल्यांचे फोटो एकाच पट्टीवर काढायला हवेत.

उत्सर्जकतेचे, म्हणजे पृष्ठभाग स्वतःचे अवरक्त किरण किती चांगले बाहेर टाकतो याचे, गणित रंगवलेल्या गिलाव्यावर फारसे आड येत नाही. गिलावा, काँक्रीट, वीट यांची उत्सर्जकता ०.९ ते ०.९५ च्या घरात असते. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम, जस्ताचे पत्रे आणि काही अंशी काच यांवर मात्र कॅमेरा आजूबाजूचे किंवा आकाशाचे प्रतिबिंब मोजतो. दर्शनी बाजूला काच किंवा चकचकीत पत्र्याचे आवरण असेल तर तेथील थर्मल फोटो ओलीसाठी विचारात घेऊ नयेत.

मोबाइलला जोडायचे छोटे कॅमेरे जवळून पाहायला वाईट नाहीत. पण १६० ठिपक्यांची (पिक्सेलची) रुंदी आणि सुमारे ५७ अंशांचा दृश्यकोन असेल, तर दहा मीटरवरून एक ठिपका सहा सेंटिमीटरचा होतो आणि खात्रीने मोजण्यासाठी निदान तीन बाय तीन ठिपके लागतात. म्हणजे वीतभर डागाहून लहान काही हाती लागत नाही. ३२० ठिपके आणि २४ अंशांच्या भिंगात हीच मर्यादा चार सेंटिमीटरपर्यंत खाली येते. गोदामाचे छत उंच असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. संवेदनशीलता ०.०५ अंश किंवा त्याहून सूक्ष्म असावी.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. आपले गोदाम वातानुकूलित कार्यालयांच्या वर आहे. पावसाळ्यात गोदामातली हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा, सुमारे २५ अंश येतो. खालच्या कार्यालयात एसी २२ अंशांवर दिवसभर चालला आणि मध्ये उष्णतारोधक फॉल्स सीलिंग नसेल, तर स्लॅब थंड होतो. त्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यांमुळे फरशीपर्यंत वरची ऊब पोहोचत नाही आणि गठ्ठ्यांखालची फरशी दवबिंदूच्या खाली जाऊ शकते. मग गळती कोठेही नसताना सर्वांत खालच्या थरातले टॉवेल दमट होतात आणि त्यांना वास येऊ लागतो. याला कोणतेही वॉटरप्रूफिंग उपयोगाचे नाही. लाकडी पॅलेटवर माल ठेवणे, खालच्या छताला उष्णतारोधक थर देणे आणि एसी दोन-तीन अंश वर ठेवणे हेच उपाय आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये थर्मल कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो तो येथे, कारण फरशीचे तापमान आणि हवेचा दवबिंदू शेजारी शेजारी ठेवले की धोका लगेच कळतो. सध्याच्या मालकांच्या गोदामात सर्वांत खालचे गठ्ठे एकदा उचलून हात लावून पाहा.

शौचालयांच्या ड्रेनेजसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. पाइपमधून दोन-तीन बादल्या कढत पाणी सोडावे आणि पलीकडच्या भिंतीवर कॅमेरा रोखून वीस मिनिटे थांबावे. भिंतीतला पाइप एक उबदार रेघ म्हणून उमटतो आणि सांधा सुटलेला असेल तेथे रेघ फुगते. ओल आपोआप दिसण्याची वाट पाहण्यापेक्षा तिला असे बोलते करणे मला अधिक भरवशाचे वाटते. गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून ठेवण्याची चाचणीही याच जातीची आहे. आपल्या गावात त्यासाठी पाणी खर्च करणे जिवावर येते हे खरे, पण वीटवाळूचे बांध घालून फक्त चौथ्या डागावरचा दोन बाय दोन मीटरचा चौकोन भरला तर ५० मिलिमीटर उंचीला २०० लिटर पाणी पुरते. चाचणीपूर्वी, चोवीस तासांनी आणि शेवटी अशा तीन वेळा खालून फोटो आणि मीटरचे आकडे घ्यावेत.

पाहणी करणाऱ्यांना आपण पुन्हा बोलावणार असाल तर त्यांच्याकडून प्रत्येक फोटोची वेळ, हवेचे तापमान, आर्द्रता, आदल्या दोन दिवसांतले ऊन-पाऊस, कॅमेऱ्यात ठेवलेली उत्सर्जकता, त्याच जागेचा साधा फोटो आणि मीटरचे आकडे लेखी मागावेत. आकडे द्यायला जो नकार देतो, त्याच्याकडून वॉटरप्रूफिंगचे कोटेशन मुळीच घेऊ नये. पाहणी आणि दुरुस्ती एकाच माणसाकडे असली की डाग वाढत जातात, हा माझा जुना अनुभव आहे.

संपूर्ण गच्चीचा निकाल मात्र मे महिन्यात लागणार नाही. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस सर्वांत मोठा असतो, आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दिवसा कडक ऊन व रात्री निरभ्र आकाश मिळते. कोब्यात पाणी मुरलेले असेल तर ते उघडे पडण्याची हीच वेळ आहे. व्यवहार त्याआधी करणे भाग असेल, तर किमतीतील काही रक्कम ऑक्टोबरमधल्या रात्रीच्या फेरतपासणीपर्यंत रोखून ठेवण्याची अट वकिलांकडून करारनाम्यात घालून घ्या, आणि ती तपासणी कोणी, कोणत्या साधनांनी, सूर्यास्तानंतर किती तासांनी करायची हेही त्याच कलमात लिहवून घ्या.